फुल्या दिसल्या तिथे सह्या केल्या, ती माझी चूक

ताई, तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला दम्याच्या नव्या औषधाच्या चाचणीत घेऊ म्हणतायत आणि सासूबाई 'पोराचा उंदीर करताय' म्हणून रुसल्यात, हे वाचून पाच वर्षांपूर्वीचं आमचं घर आठवलं. आमची लेक तेव्हा नऊ वर्षांची. आजार वेगळा, पण घरातली भांडणं हीच.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. सासूबाईंची भीती खोटी नाही. पण मुलांवर औषध तपासायचंच नाही म्हटलं, तर मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देणं उरतं. म्हणजे प्रयोग घरोघरी होतोच, नोंद तेवढी होत नाही. 1950 च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक नवजात बाळांना जास्त मात्रेत दिलं गेलं. त्यांच्या कोवळ्या यकृताला ते पेललं नाही. बाळं करडी पडून दगावली.

माझी चूक सहीच्या वेळची. चाचणीचं काम बघणाऱ्या समन्वयक बाईंनी कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला, त्यावर पेन्सिलीने तीन फुल्या आधीच मारलेल्या. "इथे, इथे आणि इथे." मी केल्या सह्या. प्रत मागितलीच नाही. दोन महिन्यांनी एका रात्री लेकीचे ओठ सुजले, अंगभर पुरळ. जवळच्या दवाखान्यात विचारलं, कुठलं औषध चालू आहे? मला नाव सांगता येईना. सकाळी चाचणीच्या ऑफिसात फोन केला तर म्हणे, "पेपर घेऊन या." अहो, पेपर तुमच्याच कपाटात! तीन आठवडे हेलपाटे. बिल आम्हीच भरलं. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे चाचणीत इजा झाली, तर ती चाचणीमुळे नाही असं ठरेपर्यंत उपचार फुकट मिळायला हवेत. शेवटी चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीला पत्र लिहिलं तेव्हा कुठे चक्रं हलली. समितीचा नंबर होता त्याच गठ्ठ्यात, मी न वाचलेल्या पानावर.

तर प्रत घेतल्याशिवाय उठू नका. तीही मराठीत, कळेल अशी. औषधाच्या खोक्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. येण्याजाण्याचा खर्च मिळतो का तेही विचारा, लाजू नका.

दुसरं (इथे माझं मत जरा कडक आहे) मुलाला विचारा. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती आईवडिलांसमोर घ्यायची, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आमच्या लेकीला कुणी विचारलं नाही, मीही नाही. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला 2009 मध्ये एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या. पुढे तिथल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, पण त्या सह्यांचं समर्थन कसं करणार? मी वॉर्डनना नावं ठेवायचो. आता ठेवत नाही.

रक्त किती वेळा काढणार, हे मुलासमोरच विचारा. लेकीने मला गाडीत बसल्यावर विचारलं होतं. मी "एकदाच" म्हणालो. सहा वेळा काढलं.