सोलापूरच्या डोंगरांची वही

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. आसपासचा एकूणएक डोंगर पायाखाली घालायचा असं तू ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. "सोलापुरात कुठले आले डोंगर?" असं सगळे विचारतात म्हणतेस. विचारू देत. कळसूबाईचे 1646 मीटर आपल्याकडे नाहीत, हे खरं. पण उत्तरेला तुळजापूर-येडशीकडे बालाघाट आहे, पश्चिमेला माळशिरसच्या टोकाशी महादेवाची डोंगररांग आहे. आणि दर कोजागिरीला आपल्या गावातले हजारो लोक रात्रभर चालत तुळजापूर गाठतात. त्या गावच्या पोरीला चालायचं कसं हे मी काय सांगणार? बाकीचं सांगतो.

आधी डोंगर कशाला म्हणायचं ते ठरव. बालाघाटावर पहिल्यांदा चढलो तेव्हा धापा टाकत वर पोचलो, तर समोर ज्वारीचं रान! बांधावर एक म्हातारी शेळ्या राखत बसलेली, पलीकडे विहीर, आणि शिखर म्हणावं असं काहीच नाही. मी खट्टू झालो. कारण नंतर समजलं. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला, तोही आडवा. कठीण थर टिकून राहिला, त्याच्या कडेचं मऊ झिजत गेलं. म्हणून आपले डोंगर बाजूने पायऱ्या-पायऱ्यांचे आणि वरून सपाट. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटरवर, तुळजापूर साधारण 650 वर. तो घाट चढलीस की पठारच लागतं. तिथे चढ आहे, कडा आहे, टोक मात्र नाही.

म्हणून मी एक नियम केला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या नकाशावर तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात, दोन रेषांमध्ये उंचीचं 20 मीटरचं अंतर. ज्या टेकडीभोवती निदान दोन रेषा पुरता वळसा घालून स्वतःला येऊन मिळतात, ती वहीत घ्यायची. बाकीच्यांवर फिरायचं, पण मोजायच्या नाहीत. तुझा नियम वेगळा असला तरी चालेल. फक्त निघण्याआधी कागदावर लिही. दमलेल्या दिवशी माणूस नियम आपल्या सोयीने वाकवतो, आणि मग त्या यादीवर आपलाच विश्वास राहत नाही.

नकाशावर पुष्कळ टेकड्यांना नावच नसतं, नुसता उंचीचा आकडा. नाव मेंढपाळाला विचार. मेंढ्यांच्या कळपाकडे जाताना मात्र लांबूनच हाक दे आणि जागेवर थांब, त्यांची कुत्री अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. आधी "राम राम", मग दोन मिनिटं पावसापाण्याचं बोलणं, मग टेकडीचं नाव. घाई केलीस तर काहीतरी सांगून वाटेला लावतील. रान लागलं तर बांधावरून जा, शाळू उभा असताना पिकातून वाट काढू नकोस. येडशीच्या रामलिंग घाटात अभयारण्य आहे. तिथे वनखात्याला विचारूनच आत शिरायचं.

आता उन्हाचं. हे नीट वाच.

एप्रिल महिना होता. एसटी चुकली आणि पायथ्याला पोचायलाच नऊ वाजले. जवळ दीड लिटर पाणी. माथा दिसत होता म्हणून चढत राहिलो. उतरताना बाराच्या सुमारास घाम यायचा थांबला. मला वाटलं, बरं झालं, अंग गार पडतंय. मग त्या रणरणत्या उन्हात उभा असताना अंगावर काटा आला, थंडीत येतो तसा, आणि खालची वाट दोन-दोन दिसायला लागली. एका लिंबाखाली मेंढपाळ बसला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता उठला. ओलं गोणपाट गुंडाळलेला कॅन होता त्याच्याकडे. त्यातलं पाणी त्याने आधी माझ्या पंच्यावर ओतलं, पंचा मानेला गुंडाळला, मग ओंजळीत थोडंसं दिलं. मी गटागटा प्यायला लागलो तर हात धरला. "घोट घोट घे." पाच वाजेपर्यंत त्याने मला उठू दिलं नाही. त्या माणसामुळे मी आज हे पत्र लिहितोय.

तेव्हापासून फेब्रुवारी संपला की माझी वेळ ठरलेली: साडेनऊला जिथे असेन तिथून मागे फिरायचं. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. हिवाळ्यात तीन लिटर पाणी, उन्हाळ्यात पाच. जड होतं, खांदे दुखतात, तरी न्यायचंच. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घे. दिवसभर खराब होत नाही, आणि घामावाटे गेलेलं मीठही भरून निघतं. एकटी जाऊ नकोस. पायथ्याच्या गावाचं नाव आणि परतायची वेळ घरी लिहून ठेव.

बूट महागडे नकोत, पण तळ खरबरीत हवा. आपला मुरूम उतारावर ज्वारीच्या दाण्यांसारखा पायाखालून निसटतो. पाऊस झाल्यावर दोन दिवस काळ्या रानातून जाऊ नकोस, प्रत्येक बुटाला किलो-किलो चिखल लागतो. दगड उचलून बघायची सवय असेल तर आजच सोड, खाली फुरसं असतं. ऑक्टोबरनंतर गवताची कुसळं मोज्यातून आरपार जातात. ती मागे ओढू नकोस, टोक आत तुटून राहतं. मोजा काढ, उलटा कर आणि टोकाकडून ओढून घे.

सुरुवात सप्टेंबरअखेर कर. आपल्याकडे खरा पाऊस त्याच महिन्यात पडतो, आणि पुढचे काही आठवडे बालाघाट हिरवा असतो. शिखर शिंगणापूरचा मुंगी घाट थंडीत चढ. एकदा चैत्रातही जा, पण चढायला नको, बघायला. द्वादशीला माणसं एकमेकांना हात देत त्याच घाटातून कावडी वर चढवतात. ते पाहिलंस की तो चढ पुढे कधी नुसता चढ वाटणार नाही.

माझी जुनी वही सोबत पाठवतोय. प्रत्येक टेकडीसमोर पाण्याची जागा लिहिली आहे: विहीर, झरा, कुणाची वस्ती. आकड्यांपेक्षा तो रकाना जास्त जप. त्यातल्या बऱ्याच विहिरी आता आटल्या असतील. जाशील तेव्हा वाकून बघ, पाणी असेल तर खूण कर, नसेल तर खोड, आणि मला कळव.

तुझा,
काका