म्युलेनबर्ग आणि आपली मराठी

प्रिय बाळा,

काल जेवताना तू विचारलंस, "आपण पेनसिल्व्हेनियात राहतो, मग घरात मराठीच का?" वर शाळेत ऐकलेलं सांगितलंस, की जर्मन ही अमेरिकेची राजभाषा व्हायची एका मताने राहिली आणि ते मत म्युलेनबर्ग नावाच्या जर्मन घरातल्या माणसाचंच होतं. त्यांनी भाषा सोडली, तर आपण का नाही?

तसं मतदान कधी झालंच नाही, राजा. १७९४ साली व्हर्जिनियातल्या जर्मन लोकांनी एवढंच मागितलं होतं, की कायदे जर्मनमध्येही छापा. पुढच्या वर्षी प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या एका सभागृहात, त्या चर्चेत कामकाज तहकूब करावं का, यावर ४२ विरुद्ध ४१ असा कौल लागला. त्या एका मताची पुढे दंतकथा झाली.

मला खरे फ्रेडरिक म्युलेनबर्ग जास्त आवडतात. १७५० मध्ये ते आपल्याच राज्यात, ट्रॅप गावी जन्मले. वडील जर्मनीहून आलेले लुथरन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे, पाद्री. तेराव्या वर्षी भावांबरोबर शिकायला जर्मनीतल्या हाले गावी गेले, परत येऊन स्वतःही पाद्री झाले. न्यूयॉर्कला जर्मन मंडळींच्या चर्चमध्ये होते. १७७६ मध्ये ब्रिटिश सैन्य येतंय म्हटल्यावर शहर सोडावं लागलं. तिथून पुढे ते राजकारणात ओढले गेले.

१ एप्रिल १७८९ ला प्रतिनिधिगृहाने त्यांना आपला पहिला अध्यक्ष (स्पीकर) निवडलं. नागरिकांच्या हक्कांच्या ज्या घटनादुरुस्त्या तू शाळेत शिकतोस, त्या राज्यांकडे पाठवल्या त्या कागदावर त्यांची सही आहे. आणि त्याच वर्षांत ते पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन सोसायटीचेही अध्यक्ष होते! जहाजातून उतरणाऱ्या गरीब जर्मन लोकांचे हाल होऊ नयेत म्हणून ती संस्था झटायची. एक खुर्ची देशाची, एक आपल्या माणसांची; दोन्हींवर तेच.

देशासाठी त्यांनी सोसलंही. १७९६ मध्ये ब्रिटनशी झालेल्या 'जे' नावाच्या तहाच्या खर्चावर ४९-४९ मतं पडली. निर्णायक मत त्यांचं होतं, ते त्यांनी तहाच्या बाजूने दिलं. चिडलेल्या मेहुण्याने त्यांना चक्क भोसकलं. जीव वाचला, पण ते पुन्हा निवडून आले नाहीत.

तेव्हा आजीशी फोनवर मराठीत बोललास म्हणून तू कमी अमेरिकन होत नाहीस. घरात मराठीच बोलायचं, हे मी सोडणार नाही. मित्र आले की त्यांच्याशी खुशाल इंग्रजीत बोल; मी पण बोलेन.

ट्रॅपला त्यांच्या वडिलांचं १७४३ सालचं चर्च अजून उभं आहे. मराठी शाळेला सुट्टी असेल त्या रविवारी डबा घेऊन जाऊ.

तुझी,
आई