गुंठाभर पॉलिटनेलसाठी ठेव मोडावी का?

ताई, तुमच्या पत्रातला हिशेब असा आहे. अंबाजोगाईला घरामागे दोन गुंठे जागा मोकळी आहे. जिल्हा परिषदेतून आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाल्यावर पेन्शनमधून महिन्याला पाचेक हजार शिल्लक राहतात आणि बँकेत सहा लाखांची मुदत ठेव आहे. त्यातले २,४०,००० काढून एका गुंठ्यावर पॉलिटनेल, म्हणजे कमानींवर प्लॅस्टिकचा कागद ताणलेला बोगद्यासारखा मांडव, उभारायचं, ठिबक आणि फॉगर (पाण्याचं धुकं फवारणारी यंत्रणा) धरून. घरची भाजी खायची, स्ट्रॉबेरी लावायची, उरेल ते कॉलनीत विकायचं. पुरवठादार ५०,००० आगाऊ मागतोय.

ते ५०,००० देऊ नका. भाजी मात्र जरूर लावा, कारण नातवंडांच्या ताटात औषध न मारलेली भाजी पडावी हा तुमचा हेतू मला पूर्ण पटतो. माझा विरोध आहे तो एवढी मोठी रक्कम ठेवीतून काढण्याला.

महिन्याला ३,००० ची भाजी लागते असं तुम्ही लिहिलंय. कांदा, बटाटा, लसूण, आलं बाजारातूनच येणार. पालेभाज्या, टोमॅटो, काकडी, मिरची यांतून फार तर १,५०० वाचतील, तेही वर्षातले नऊ महिने. म्हणजे १३,५००. आता खर्च बघा. वरचा २०० मायक्रॉनचा कागद उन्हानं तीन-चार वर्षांत जातो. तो बदलायला तुमच्याच कोटेशनमध्ये २२,००० लिहिलेत, म्हणजे वर्षाला ७,००० च्या आसपास. बियाणं, खत, कोकोपीट, निंबोळी अर्क यांना महिना ५०० धरा. झाले १३,०००. हातात राहिलं काय? आणि वळवाच्या वादळात कागद फाटला, तर तेवढंही नाही.

हेच २,४०,००० ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर? एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. त्या दरानं दर तिमाहीला ४,९२० रुपये बसल्या जागी खात्यात येतात. व्याज करपात्र आहे आणि मुदत पाच वर्षांची, हे लक्षात ठेवा. म्हणून सहाच्या सहा लाख तिकडे नेऊ नका. यजमानांची बायपास झालेली आहे. किमान दोन लाख बँकेत असे ठेवा, की रात्री दवाखाना गाठावा लागला तर सकाळी पैसे हातात येतील. माझ्यासाठी तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ या बायपासचीच होती, आणि तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिलीत.

हवामानाचंही बोलायला हवं, कारण त्याचाही पैशांवरच परिणाम होतो. पॉलिटनेल आतली ऊब धरून ठेवतं. थंड प्रदेशात हा त्याचा गुण आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा आत गारवा ठेवायला फॉगर लागतो, फॉगरला पाणी लागतं, आणि तेव्हाच नळाला पाणी कमी असतं. आपलं पाणी मांजरा धरणाचं. २०१६ मध्ये ते आटलं तेव्हा त्याच धरणावरच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तुम्ही टँकरचा खर्च कुठेच धरलेला नाही. स्ट्रॉबेरीला महाबळेश्वरची थंडी मानवते. इथल्या उन्हाळ्यात रोपं टिकणार नाहीत. फळंच हवी असतील तर कुंपणाच्या कडेनं एक केशर आंबा आणि दोन सीताफळं लावा. मराठवाड्याच्या केशरला आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि दोन्ही झाडांना छप्पर लागत नाही.

‘निम्मे पैसे सरकार देतं’ हे पुरवठादाराचं म्हणणं तुमच्या जागेला लागू होईल असं धरून चालू नका. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्जाला शेतजमिनीची नोंद लागते, काम सुरू करण्याआधी पूर्वसंमती लागते, आणि पैसे मिळतात ते काम पुरं होऊन तपासणी झाल्यावर. तुमचा प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती आहे. अनुदान शून्य धरूनच हिशेब करा.

मग करायचं काय? तीनशे चौरस फुटांवर हिरवी शेडनेट, ५० टक्के सावलीची, जीआय पाइपवर. कडेला दोडका-कारल्याचा मांडव, उंचावर टाकी ठेवून साधं ठिबक. २५ ते ३० हजारांत बसवा, दोन टप्प्यांत, पेन्शनच्या शिलकीतूनच. यासाठी ठेवीला हात लावू नका. थंडीत नेट गुंडाळून ठेवता येईल अशी बांधून घ्या, कारण तेव्हा मेथी, पालक, कोथिंबिरीला ऊनच हवं असतं. बांधणीआधी अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन माती-पाण्याचं विचारून या.

आणि एक वही घाला: रोज काय निघालं, त्या दिवशी मंडईत त्याचा भाव काय होता, पाणी-खतावर किती गेले. वर्षभर सगळा खर्च वजा जाता महिन्याला २,००० च्या वर उरत असतील, तर ती वही घेऊन मला पुन्हा लिहा. मग मोठ्या नेटचा विचार करू, तेव्हाही शिलकीतूनच. तोवर पुरवठादाराला ‘यंदा नको’ एवढंच कळवा, आणि ठेवीवर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे ते बँकेत जाऊन या आठवड्यातच तपासा.