ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सच्या समुद्रकिनाऱ्यापासून वाळवंटातल्या उलुरू या भल्या मोठ्या लाल खडकापर्यंत अनोळखी लोकांच्या ग्रुपबरोबर बसने जावं, की सरळ विमान पकडावं?

तुम्ही लिहिलंय की वय 26, एकटीने पहिलाच परदेश, शाकाहारी, समुद्र आणि वाळवंट दोन्ही बघायचंय, आणि घरच्यांचं म्हणणं असं की विमान काही तासांत पोचवत असताना बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची कशाला. मी ब्रिस्बेनला राहते आणि हा रस्ता अशाच एका छोट्या ग्रुपबरोबर केलाय, म्हणून लिहिते.

माझं मत सरळ आहे: बसने जा. पण उलुरूसाठी म्हणून जाऊ नका, उलुरू विमानानेही तेवढाच लाल दिसतो. बसने जायचं ते मधल्या त्या कंटाळवाण्या पट्ट्यासाठी, जो टूरच्या माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेला असतो.

आधी अंतर नीट समजून घ्या. केर्न्स ते टाउन्सव्हिल साधारण 350 किलोमीटर. तिथून पश्चिमेला वळलं की माउंट आयझा 900, पुढे टेनंट क्रीक साडेसहाशे, मग दक्षिणेला ॲलिस स्प्रिंग्ज 500 आणि उलुरू आणखी साडेचारशे. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यायचं, आणि टाउन्सव्हिल सोडल्यावर वाटेत एखाद्या बऱ्यापैकी बाजारगावाएवढं गावही तासन्‌तास लागत नाही. हे ऐकूनच तुम्हाला जांभई आली असेल तर खरंच विमानाने जा, त्यात काही कमीपणा नाही.

आता गंमत कुठे आहे ती सांगते. मी सातारा जिल्ह्यातली, त्यामुळे मला हा प्रदेश सह्याद्रीच्या हिशोबाने कळला. कोकणात धो धो, घाटमाथ्यावर त्याहून जास्त, आणि घाट उतरून माण-खटावात आलं की टँकर. इथेही तसंच, फक्त सगळं ताणून मोठं केलेलं. प्रशांत महासागरावरून येणारे ओले वारे किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेला अडतात आणि तिथेच रिकामे होतात. केर्न्सच्या दक्षिणेला टली नावाचं गाव आहे. तिथे 1950 साली 7.9 मीटर पाऊस पडला, म्हणून गावाने तेवढ्याच उंचीचा सोनेरी गमबूट उभारून ठेवलाय. आजूबाजूला ऊस आणि केळी. ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीने नाही, छोट्या रुळांवरच्या गाड्यांनी कारखान्यात जातो. गळीत हंगाम जूनच्या सुमाराला सुरू होतो, तेव्हा रस्त्यात फाटकापाशी थांबून ती उसाची आगगाडी जाऊ द्यावी लागते.

आणि टाउन्सव्हिलहून आत वळलात की काही तासांत हे सगळं संपतं. चार्टर्स टॉवर्सपर्यंत झाडं आहेत, ह्यूएनडन सोडल्यावर तीही विरळ होत जातात, आणि मग क्षितिजापर्यंत नुसतं गवत. सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. रिचमंडच्या छोट्याशा संग्रहालयात त्या समुद्रातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे ठेवलेत, ते चुकवू नका. गाईड म्हणेल वेळ नाही, तरी हट्ट धरा.

तिथेच पुढे एका थांब्यावर मी पाय मोकळे करायला उतरले तर खाली काळी माती, भेगाळलेली, अगदी आपल्या रानातली, आणि कडेला बाभळी! जपमाळेसारख्या शेंगा, पांढरे लांब काटे, सगळं ओळखीचं. आधी वाटलं उन्हाने डोकं फिरलं. पण त्या खरोखर आपल्याकडच्याच बाभळी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंढ्यांना सावली आणि चारा म्हणून भारतीय उपखंडातली बाभूळ इकडे आणून लावली, गुरांनी शेंगा खाऊन बी सगळीकडे पसरवलं, आणि आता तीच इथली उपद्रवी वनस्पती ठरून तिच्या निर्मूलनावर पैसा खर्च होतो. बसमधल्या कोणालाही त्या झाडाकडे बघायचं कारण नव्हतं. मी मात्र फोटो काढून आईला पाठवला. तो पोचला दुसऱ्या दिवशी, कारण नेटवर्क. (सिम घ्याल ते टेल्स्ट्राचंच घ्या. बाकीच्या कंपन्यांची रेंज गाव सोडलं की गेलीच म्हणून समजा.)

असा हा पट्टा. क्लॉनकरी लागेल, जिथून 17 मे 1928 रोजी ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवेचं पहिलं विमान उडालं. कारण उघड आहे: दोन घरांमध्येच जिथे शंभर किलोमीटर असतात तिथे डॉक्टर उडतच यायला हवा. माउंट आयझा हे खाणीचं गाव. भाजी, औषधं, पैसे, जे काही लागेल ते तिथेच घेऊन ठेवा. त्यापुढे कॅमूवील, मग नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताची हद्द, जिथे घड्याळ अर्धा तास मागे करायचं, आणि नंतर रोडहाऊस. रोडहाऊस म्हणजे पेट्रोलपंप, खानावळ, दारूचा गुत्ता, लॉज आणि कँपिंगची जागा हे सगळं एकाच छपराखाली. पुढचं रोडहाऊस दोन-अडीचशे किलोमीटरवर असू शकतं, तेव्हा लागली असो वा नसो, बस थांबली की स्वच्छतागृहात जाऊन या.

वाटेत ‘रोड ट्रेन’ भेटतील. एका इंजिनामागे तीन-चार ट्रेलर, लांबी 53 मीटरपर्यंत. समोरून आली की आधी धुरळा दिसतो, मग आवाज, आणि शेजारून जाताना आपली बस एकदा तिच्याकडे ओढली जाते आणि मग बाहेर ढकलली जाते. मागच्या सीटवर झोपलेला माणूस हमखास जागा होतो. हे एक कारण आहे की पहिल्याच वेळी स्वतः गाडी भाड्याने घेऊन या रस्त्याला लागू नका. दुसरं कारण संध्याकाळनंतर रस्त्यावर येणाऱ्या कांगारू आणि मोकाट गुरांचं. अंधारात आउटबॅकमध्ये, म्हणजे या आतल्या ओसाड भागात, गाडी चालवली तर बऱ्याच भाड्याच्या गाड्यांचा विमा लागू होत नाही, करारातलं बारीक अक्षर वाचा.

आता ग्रुपबद्दल, कारण तुमची खरी धास्ती तीच दिसते. आमच्यात दोन जर्मन मैत्रिणी होत्या, एक कोरियन मुलगा, जो व्हिसा वाढवून मिळण्यासाठी लागणारे 88 दिवस केळीच्या बागेत राबून आला होता, एक निवृत्त स्कॉटिश शिक्षिका आणि असेच आणखी काही. गाईड, ड्रायव्हर आणि आचारी ही एकच व्यक्ती. अशा टूरमध्ये कामं वाटून घ्यावी लागतात: भाजी चिरणं, भांडी, लाकडं गोळा करणं, ट्रेलर भरणं. ओळखी होतात त्या भांड्यांपाशी. फोटो काढायला सगळ्यात पुढे आणि भांडी घासायच्या वेळी फोनवर, असा एखादा प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. तो दुसऱ्याच दिवशी उघडा पडतो आणि मग त्याला कोणी शेकोटीपाशी जागा करून देत नाही. तुम्हाला घरकामाची सवय असेल तर अर्धी लढाई जिंकलीच म्हणा. कांदा पटापट चिरता येणं या एकाच गुणावर मी गाईडची लाडकी झाले.

झोपायचं स्वॅगमध्ये. स्वॅग म्हणजे जाड कॅनव्हासची गुंडाळी, आत फोमची पातळ गादी. त्यात आपली स्लीपिंग बॅग सरकवायची आणि तंबूबिंबू न लावता उघड्यावर पडायचं. जून-जुलैत ॲलिसच्या आसपास रात्री पारा शून्याखाली जातो. कानटोपी, लोकरी मोजे आणि थर्मल आणाच, ‘ऑस्ट्रेलिया गरम असतो’ या भ्रमात राहू नका. बूट स्वॅगच्या आत घ्या, डिंगो (इथले रानकुत्रे) पळवतात. खरी परीक्षा पहाटे पाचला. कॅनव्हासवर हिम जमलेलं, बोटं बधिर, आणि ती गुंडाळी दोन्ही गुडघ्यांनी दाबून, हवा काढत काढत घट्ट वळायची. हवा राहिली की पट्टा पुरत नाही, आणि सैल स्वॅग ट्रेलरमध्ये दुसऱ्याची जागा खातो. चेनमध्ये लाल माती अडकते, तिला जुना टूथब्रश हा उपाय.

एकटी मुलगी म्हणून विचाराल तर मला ग्रुपमध्ये भीती वाटली नाही, कारण तिथे कोणी कधी एकटं नसतंच. शहरात वसतिगृह घेताना मुलींची वेगळी डॉर्म मागा, बहुतेक ठिकाणी मिळते. पाळीचं सामान केर्न्सलाच भरून घ्या. काही मुक्कामांत नुसतं झाडाआड जायचं असतं. फावडं, कागद आणि एक चेन असलेली पिशवी जवळ ठेवा, लाजायचं काही कारण नाही, सगळेच तेच करतात. ॲलिसमध्ये रात्री एकटीने गावात हिंडू नका, एवढं मात्र पाळा.

बीचचं थोडं वेगळं आहे. उत्तर क्वीन्सलंडमध्ये साधारण नोव्हेंबर ते मे समुद्रात बॉक्स जेलीफिश असतात. त्यांच्या डंखाने माणूस दगावू शकतो. म्हणून किनाऱ्यावर जाळी लावलेला पोहण्याचा भाग असतो आणि खांबावर व्हिनेगरची बाटली. व्हिनेगर वेदना थांबवत नाही, पण त्वचेला चिकटलेल्या, अजून न फुटलेल्या विषपेशी निकामी करतं. लगेच ओतायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. जून ते ऑगस्ट धोका बराच कमी. मगरींना मात्र ऋतू नाही. केप ट्रिब्युलेशनला पाऊसवन थेट वाळूपर्यंत येतं, डेंट्री नदी फेरीबोटीने ओलांडून तिथे जायचं, जागा स्वर्गीय आहे, पण ओढ्याच्या मुखाशी पाण्यात पाय घालायचा नाही. पाटी इंग्रजी आणि जर्मन दोन्ही भाषांत असते, यावरून काय ते समजा. निवांत पोहायचं असेल तर टाउन्सव्हिलहून फेरीने मॅग्नेटिक आयलंडला जा. मला तो सगळ्या प्रसिद्ध किनाऱ्यांपेक्षा आवडला: मोठमोठे गुळगुळीत धोंडे, त्यांच्यावर छोट्या कांगारूसारखे दिसणारे वॉलबी, आणि गर्दी बेताची.

उलुरूबद्दल फार लिहीत नाही, बाकी सगळे लिहितातच. उंची 348 मीटर. चढायला 26 ऑक्टोबर 2019 पासून बंदी आहे. ती जागा तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांना परत दिली तो 1985 मधला दिवसही 26 ऑक्टोबरच होता. पायथ्याची फेरी दहा किलोमीटरची आहे, ती पूर्ण करा, बसमधून बघून परत फिरू नका. काही भागांत फोटो काढू नये अशी पाटी आहे, तिथे खरंच काढू नका. पार्कचा तीन दिवसांचा पास 38 ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास असतो आणि टूरच्या किमतीत तो धरलेला आहे का ते आधीच विचारा. माझं मन मात्र किंग्ज कॅन्यन या दरीने जिंकलं. सुरुवातीला दमछाक करणारा पायऱ्यांचा चढ, मग कड्याच्या काठाने सहा किलोमीटर, आणि मध्येच खाली उतरून गार पाण्याचा डोह. उन्हाळ्यात तापमान 36 च्या वर जाणार असेल तर सकाळी नऊनंतर तिथे चढू देत नाहीत.

ॲलिसला उंट दिसले तर दचकू नका. 1860 च्या दशकापासून उंट आणि उंटवाले कराचीहून जहाजाने इकडे आणले गेले, आणि तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं, त्यांच्याच नावावरून ॲलिसच्या रेल्वेला ‘द घान’ म्हणतात.

जेवणाचं: शाकाहारी आहात हे बुकिंगच्या वेळी लेखी कळवा, आणि पहिल्याच संध्याकाळी गाईडला सांगा की तव्यावर तुमचं आधी भाजून घे, नंतर मांस. कोणी वाईट मानत नाही. रोडहाऊसवर मात्र बटाट्याच्या चिप्स आणि चीज टोस्टवर दिवस काढावे लागतात. मी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, चटणी तर जर्मन मुलींनीच संपवली. भारतातून आणाल तर कंपनीचं सीलबंद पाकीट आणा आणि विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याच्या रकान्यात ‘होय’ लिहा. आणलेलं जाहीर केलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर जागेवर दंड.

महिना जून ते ऑगस्टमधला धरा. त्यातही इथल्या शाळांच्या सुट्टीचे आठवडे टाळा. साधा पर्यटक व्हिसा पुरतो, पण तुम्ही 26 च्या आहात म्हणून सांगते: 2024 पासून भारतीयांसाठीही ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा सुरू झालाय, 18 ते 30 वयोगटासाठी, वर्षाला 1000 जागा, सोडतीने. नंबर लागला तर घाई न करता काम करत करत फिरता येईल. नोंदणी ठरावीक मुदतीतच होते, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा आणि एजंटला पैसे देऊ नका, अर्ज स्वतः भरता येतो.