अंधारात गेल्यावर थोड्या वेळाने दिसू लागतं, ते कसं? आणि गाजर खाल्ल्याने रात्रीची नजर सुधारते का?

पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे. डोळ्याच्या पडद्यात मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी असतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. उजेडात ते मोडत राहतं, अंधारात पुन्हा तयार होतं आणि पुरेसं साठायला अर्धा तास तरी जातो. भरपूर उजेडात पाहणाऱ्या शंकुपेशी दहाएक मिनिटांत सावरतात, पण मिणमिणत्या उजेडात त्यांचा उपयोग नाही.

गाजराचं मात्र सविस्तर सांगते, कारण त्या गाजराने आमची वर्षं खाल्ली.

धाकटा भाऊ सहावीत होता. गावी लग्नाची पंगत बसलेली आणि वीज गेली. जरा वेळाने चांदण्यात सगळ्यांना दिसू लागलं, वाढपी परत फिरू लागले. हा हात धुवायला उठला आणि पाय थेट समोरच्याच्या पत्रावळीत. आमटीचा द्रोण लवंडला. थोरले काका चारचौघांत म्हणाले, "नाटकं करतो. दिवसा बरं सगळं दिसतं!" तेव्हापासून रोज गाजराचा रस. इतका, की त्याचे तळहात पिवळे पडले. नजर तसूभर सुधारली नाही.

शेवटी ईआरजी ही डोळ्यांची तपासणी केली. डोळ्यासमोर प्रकाश चमकवून पडदा किती विद्युत प्रतिसाद देतो ते यात मोजतात. दंडपेशींचा प्रतिसाद जवळपास नव्हताच. निदान: रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार. यात दंडपेशी आधी मरतात, शंकुपेशी बराच काळ तग धरतात. म्हणजे दिवसा दिसणं आणि रात्री न दिसणं हेच तर लक्षण होतं! गाजरापासून शरीराला मिळतं ते व्हिटॅमिन ए, म्हणजे ऱ्होडॉप्सिनचा कच्चा माल. पेशीच मेल्या तर तो घेणार कोण? आणि ज्यांच्या शरीरात व्हिटॅमिन ए पुरेसं आहे, त्यांना जास्त गाजरं खाऊन जास्त दिसत नाही.

आमची आई म्हणजे बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. अशा लग्नात एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. हे डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं, तरी काका आजही "पूर्वापार चालत आलंय" म्हणतात आणि स्वतःच्या मुलीसाठी आत्याचाच मुलगा बघतात. माझा याला ठाम विरोध आहे. किमान आधी जनुकीय सल्ला तरी घ्या.

हा आजार नात्याबाहेरच्या लग्नांतही होतो, हेही खरं. आणि व्हिटॅमिन ए कमी पडून आलेला रातांधळेपणा उपचाराने बरा होतो, म्हणून लहान मुलांचे डोस चुकवू नका. पण गोळ्या मनाने घेऊ नका. व्हिटॅमिन ए शरीरात साठतं, जास्त झालं तर गरोदरपणी बाळाला घातक ठरतं. मूल अंधारात धडपडत असेल तर रस काढत बसण्याआधी डोळ्याच्या पडद्याच्या तज्ज्ञाला दाखवा, आणि निदान झालंच तर त्याच्या भावंडांनाही तपासून घ्या.