सिकलसेल वाहक असताना टमी टक आणि लायपोसक्शन करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सिकलसेलच्या रिपोर्टमध्ये एएस आलंय म्हणजे तुम्ही वाहक (एक जीन सिकलसेलचा, एक साधा), आजवर त्रास काहीच नाही, बाळंतपणांनंतर पोटाची सैल झालेली कातडी काढायचीय (टमी टक) आणि सोबत कमरेचं लायपोसक्शन, म्हणजे चरबी ओढून काढणं. एका क्लिनिकने एएस वाचलं आणि सरळ नाही म्हटलं, दुसऱ्याने फाईल न उघडताच "काही प्रॉब्लेम नाही, तारीख घ्या" म्हटलं, आता ऐकायचं कोणाचं? शिवाय आधी रक्त चढवावं लागेल का, सख्ख्या बहिणीला थॅलेसेमिया मायनर आहे (म्हणजे ती थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक) तिला नाकाचं ऑपरेशन करायचंय ते होईल का, आणि क्लिनिकला हे सांगितलंच नाही तर काय होईल, असे तीन प्रश्न वर.

मी भूल देते. कॉस्मेटिकच्या भरपूर केसेसना भूल दिलीय, त्यात वाहकही होते. माझं मत विचाराल तर दोन्ही क्लिनिकचं ऐकू नका, आणि दुसऱ्याचं तर अजिबातच नको. पहिला किमान कागद वाचून तरी घाबरला.

नुसतं वाहक असणं हे ऑपरेशन नाकारायचं कारण नाही. वाहकाच्या रक्तात साधं हिमोग्लोबिन ए निम्म्याहून जास्त असतं आणि एस साधारण ३५ ते ४० टक्के, त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकायला ऑक्सिजन इतका खाली जावा लागतो की नीट दिलेल्या भुलीत तिथपर्यंत गोष्ट जातच नाही, बोटाला लावलेलं मशीन त्याच्या कितीतरी आधी बोंबलायला लागतं. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्याचं प्रकरण पूर्ण वेगळं, तिथे ऑपरेशननंतर छातीत गंभीर गुंतागुंत होऊ शकते, म्हणून नुसत्या दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला बहुतेक जण नकोच म्हणतात. पहिल्या क्लिनिकने बहुतेक "सिकलसेल" एवढाच शब्द वाचला आणि पुढचं वाचलं नाही.

पण मला तुमच्या प्रश्नात खटकलं ते वेगळंच, आणि ते तुम्ही जाताजाता लिहून टाकलंय. सख्ख्या बहिणीला थॅलेसेमिया मायनर. आता बघा, तुमच्याकडे एस आला तो आईकडून किंवा वडिलांकडून, आणि बहिणीकडे थॅलेसेमियाचा जीन आला तो बहुतेक दुसऱ्याकडून. म्हणजे आईवडलांपैकी एक सिकलसेलचा वाहक आणि एक थॅलेसेमियाचा. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला दोन्ही एकदम येण्याची शक्यता चारात एक असते, आणि दोन्ही आले की तो माणूस वाहक राहत नाही, त्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात आणि तो आजारच धरतात. त्याच्या सौम्य प्रकारात थोडं हिमोग्लोबिन ए बनत असतं, त्यामुळे कोणी घाईत टक्केवारी न बघता चाचणीत उमटलेले नुसते हिमोग्लोबिनचे पट्टे बघून रिपोर्ट दिला तर ए पण दिसतो, एस पण दिसतो, झालं, एएस लिहून मोकळे. अशी माणसं वर्षानुवर्षं ठणठणीत असतात आणि एखाद्या ऑपरेशनच्या किंवा बाळंतपणाच्या वेळी कळतं. तुमचं तसंच असेल असं मी म्हणत नाहीये, दोन बाळंतपणं सुखरूप झालीत ही चांगलीच गोष्ट, पण बहीण मायनर आहे हे कळल्यावर मी तरी तुम्हाला जुन्या रिपोर्टवर टेबलावर घेणार नाही.

म्हणून आधी एचपीएलसी करा, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, टक्केवारीसकट. शिबिरात करतात ती सोल्युबिलिटी टेस्ट इथे कामाची नाही, ती वाहकाची पण पॉझिटिव्ह येते आणि आजाऱ्याची पण, दोघांत फरक करत नाही. एचपीएलसीत बघायचं की ए जास्त आहे की एस. ए जास्त, एस चाळीस टक्क्यांच्या आत आणि सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) नॉर्मल असेल तर तुम्ही वाहकच. एस हा ए पेक्षा जास्त निघाला आणि सोबत सीबीसीतला एमसीव्ही कमी, म्हणजे पेशी बारीक, तर कॉस्मेटिकचा विषय बाजूला ठेवून आधी हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचा डॉक्टर. आणि हो, गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर लॅबला सांगा, दुसऱ्याचं रक्त मिसळलेलं असताना रिपोर्ट फसवतो.

सीबीसीवरून अजून एक. वाहकाचं हिमोग्लोबिन सहसा नॉर्मल असतं. तुमचं नऊ-साडेनऊ निघालं तर "सिकलसेल आहे ना, म्हणून कमी" असं म्हणून सोडू नका, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करा, बायकांमध्ये बहुतेकदा पाळीतून गेलेलं लोहच कमी असतं आणि ते भरून काढता येतं. टमी टकला घाई नाही, दोन-तीन महिने गोळ्या घेऊन मग करा, काही बिघडत नाही.

आता समजा तुम्ही खरोखर वाहकच निघालात. मग मी पेशी वाकण्याची काळजी कमी आणि रक्ताच्या गुठळीची जास्त करेन. वाहकांमध्ये फुफ्फुसात गुठळी जाण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असल्याचं अभ्यासांत दिसलंय, मूळ धोका लहान असल्यामुळे दुप्पट होऊनही तो लहानच राहतो, पण टमी टक हे ऑपरेशनच असं आहे की नेहमीच्या कॉस्मेटिक ऑपरेशन्समध्ये गुठळीसाठी त्याचंच नाव पुढे असतं. पोटाचे स्नायू आवळून शिवतात त्यामुळे पोटात दाब वाढतो आणि पायातलं रक्त वर यायला अडतं, त्यात तासनतास पडून राहणं, नंतर टाके ताणू नयेत म्हणून कमरेत वाकून झोपणं, दुखतं म्हणून न चालणं. त्यात तुम्ही लायपोसक्शन पण सोबतच म्हणताय म्हणजे वेळ अजून वाढला. सर्जनला स्पष्ट विचारा की दोन्ही एकदम करणं गरजेचं आहे का, की आधी एक करून दुसरं काही महिन्यांनी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, घरात कोणाला पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली असेल तेही सांगा. रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे ते सगळं मोजून ठरवतील, पायाला दाब देणारं मशीन लावतील, आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला उठवून चालवतील, तेव्हा कितीही शिव्या द्याव्याशा वाटल्या तरी चाला.

पाणी आणि ऊब या दोन गोष्टी वाहकाच्या बाबतीत मी जरा जास्त सांभाळते. बऱ्याच वाहकांची किडनी लघवी पुरेशी घट्ट करू शकत नाही, म्हणून उपाशी ठेवलं की शरीर इतरांपेक्षा लवकर सुकतं. रात्रीपासून पाण्याचा थेंब नको ही जुनी पद्धत कोणी सांगितली तर भूलतज्ज्ञाला विचारा, जेवण सहा ते आठ तास आधी बंद पण साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. लायपोसक्शनला चरबीत लिटरच्या लिटर पाणी सोडतात, त्यात भुलीचं औषध आणि ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे रक्त फार कमी जातं हे खरं, पण ते पाणी गार असेल तर पेशंट थंड पडतो, म्हणून ते कोमट करून वापरायला हवं. काढलेली चरबी आणि पाणी मिळून एकूण पाच लिटरच्या वर जाणार असेल तर ते मोठं लायपोसक्शन, ते हॉस्पिटलमध्येच आणि रात्रभर लक्ष ठेवून. पार्लरच्या वर दोन खोल्यांत नको.

म्हणूनच क्लिनिकला पहिला प्रश्न हा विचारा की भूल कोण देणार आणि तो माणूस माझा रिपोर्ट ऑपरेशनच्या आधी बघणार का. "आमचे सर स्वतःच देतात" असं उत्तर आलं तर उठून या. जाताजाता, सिगारेट ओढत असाल तर ती किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद, टमी टकमध्ये कातडी काळी पडून सडण्याचं ते मोठं कारण, वाहकाला नाही म्हणणारी आणि सिगारेटचं विचारतही नाहीत अशी क्लिनिकं बघितली की मला हसावं की रडावं कळत नाही.

रक्त आधी चढवायची वाहकाला गरज नाही. ते एसएसवाल्यांसाठी, त्यांना मध्यम किंवा मोठ्या ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणतात.

बहिणीचं सोपं आहे. मायनरमध्ये हिमोग्लोबिन दहा-अकरा असणं हे तिचं नेहमीचंच, नाकाच्या ऑपरेशनला रक्त फार जात नाही, त्यामुळे सहसा अडत नाही. फक्त कोणी "आधी बारा करून या" म्हणून लोहाच्या गोळ्या चालू केल्या तर फेरिटिन बघितल्याशिवाय घेऊ नको म्हणावं, लोह भरपूर असेल तर गोळ्यांनी आकडा हलत नाही, उगाच लोह साठत जातं.

गंमत अशी की नावाला कोणी घाबरत नाही अशाच काही आनुवंशिक गोष्टी कॉस्मेटिकमध्ये जास्त नडतात. फॅक्टर फाईव्ह लायडनचा (रक्त गोठण्याकडे कल वाढवणारा आनुवंशिक बदल) एकच जीन असला तरी ऑपरेशनआधी गुठळीचा धोका मोजायच्या कॅप्रिनी स्कोअरमध्ये एकदम तीन गुण चढतात. व्हॉन विलेब्रांड या रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारात रक्त गोठण्याच्या नेहमीच्या टेस्ट, पीटी आणि एपीटीटी, नॉर्मल येऊ शकतात आणि नाकाच्या ऑपरेशननंतर रक्त थांबत नाही, तिथे दात काढल्यावर किती वेळ रक्त वाहिलं होतं ह्या एका प्रश्नातून जे कळतं ते त्या टेस्टमधून कळत नाही. जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असेल तर प्रिलोकेन असलेली बधिर करायची क्रीम आणि मिथिलीन ब्लू हा निळा रंग टाळायचा. हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं, तुम्हाला यातलं काही असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

राहिलं लपवण्याचं. लपवलं तर ऑपरेशन बहुतेक नीटच होईल, खोटं कशाला बोलू. पण वाहकांना कधीकधी लघवीतून रक्त जातं, दुखत नाही, आपोआप थांबतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तुमची लघवी लाल झाली आणि तिथल्या कोणाला माहीतच नाही की तुम्ही एएस आहात, तर तुम्हाला रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असताना ते आधी त्यालाच दोष देतील आणि ते बंद करतील, आणि नेमक्या त्याच दिवसांत तुम्हाला त्याची सगळ्यात जास्त गरज असते. रिपोर्टची झेरॉक्स फाईलच्या वरच लावून द्या.