दोन वर्षांचा मुलगा डायपर ओला झाला तरी सांगत नाही, काय करावं?

त्याला ओलं लागतच नाही, मग सांगणार काय? हल्लीच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पूड असते. ती शू शोषून तिचं जेल करते आणि अंगाला लागणारा थर कोरडा राहतो. त्वचेला आणि रात्रीच्या झोपेला हे चांगलंच, पण शू आणि ओलेपणा यांचा संबंध मुलाच्या लक्षात यायला उशीर लागू शकतो.

म्हणून दिवसा घरात सुती लंगोट किंवा साधी चड्डी घाला. आमच्याकडे इंदूरला लोकमान्य नगरात अजूनही कुणी आजी जुन्या धोतराचे लंगोट शिवून देतात. मऊ असतात, उन्हाळ्यात तासाभरात वाळतात. ओला झाला की लगेच बदला, पण बदलताना त्याचा हात आधी ओल्या कापडाला लावा, मग कोरड्या: "बाळा, हे ओलं, हे कोरडं." बस, एवढंच. नंतर हात धुवा. शिकावा म्हणून ओल्यात बसवून ठेवू नका, पुरळ उठतं. आणि कृपा करून रागावू नका, भीतीने मुलं शू-शी दाबून धरतात.

दोनेक तास कोरडा राहायला लागला, चड्डी ओढून दाखवू लागला, की पॉटीवर बसवायला घ्या. काही मुलं तिसरं वर्ष उलटेपर्यंत वेळ घेतात.

रात्रीचा डायपर मात्र खुशाल चालू ठेवा. झोपेतलं नियंत्रण शिकवून येत नाही, पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं सर्वसाधारण आहे.